वाऱ्यावर वाळवलेली तूर

माझा भागीदार वेगळा झाला तेव्हा जाताना मिस्त्रीही घेऊन गेला. वेगळं होण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दोन माणसं जन्मभर एका गादीवर बसत नाहीत. पण मिस्त्री नेला आणि तोही मला न सांगता, हे मी अजून विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

डाळ मिलमध्ये मिस्त्री म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तूर यंत्रात किती सोडायची, दगड किती आवळायचा, हे तो कानाने ठरवतो. जरा इकडचं तिकडे झालं की डाळीऐवजी तुकडा पडतो. आमच्या मिस्त्रीचा हात चांगला होता. मी त्याला सहा वर्षं रोज शिव्या देत होतो, हेही लिहून ठेवतो, नाहीतर भागीदार म्हणेल, यानं अर्धंच सांगितलं.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी एरंडोलकडच्या खेड्यातला. जळगावच्या बाजारात तुरीचे नमुने कागदाच्या पुड्यांत घालून दुकानोदुकान फिरलो, दलाली केली, आणि त्यातून औद्योगिक वसाहतीत मिल उभी केली. भागीदाराने आपली नवी मिल बरोबर रस्त्यापलीकडे टाकली. फाटकाला रंगसुद्धा आमचाच दिला, हिरवा. त्याच्याकडे गरम हवेवर तूर वाळवणारं यंत्र आलं. माझ्याकडे सिमेंटचा उघडा ओटा, वर आभाळ आणि पंधरा बाया.

त्या बायांची मुकादम म्हणजे अक्का. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने काटक. तिला सगळेच अक्का म्हणत, मीही. ती मला शेठ म्हणत नसे. भाऊ म्हणायची, आणि अरेतुरे करायची. सुरुवातीला मला ते खटकलं होतं. मग लक्षात आलं, की मला शेठ म्हणणारे बाकीचे लोक पाठ वळली की हात थांबवतात. अक्काचा हात थांबलेला मी कधी पाहिला नाही.

माझी जवळपास निम्मी डाळ धुळ्याला एका ठोक व्यापाऱ्याकडे जायची. त्यांना मी नाना म्हणत असे. भागीदार वेगळा झाल्यावर आम्ही दोघंही त्यांच्यामागे लागलो. एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"तुम्ही दोघं माझं डोकं खाऊ नका. पुढच्या मंगळवारी डाळीचे पंचवीस-पंचवीस कट्टे घेऊन या. त्यातला कुठलाही कट्टा मी फोडीन, घरी शिजवायला देईन. ज्याचं वरण चांगलं, त्याचा वर्षभराचा माल."

"नाना, त्यापेक्षा मी नमुना पाठवतो ना."

"तुझा नमुना मला माहीत आहे. तू दलाल होतास."

त्यांचंही बरोबर होतं. धुळ्याकडे लग्नाच्या पंगतीला वरण-बट्टी असते. पाचशे पानांच्या पंगतीत डाळीचा दाणा कचकचला, तर लोक नवऱ्या मुलाचं नाव विसरतील, पण डाळ कुठून आणली ते विसरणार नाहीत. आणि माझंही गणित साधं होतं. नाना गेले, तर निम्मी मिल बंद. निम्म्या मिलवर वीज, मजुरी आणि बँक भागत नाही. म्हणजे अख्खी बंद. आणि ती बंद पडलेली बघायला समोर हिरवं फाटक.

पाचोऱ्याकडून आलेली चांगली तूर होती. तेल-पाणी दाखवून, एक रात्र ढीग मारून बुधवारी सकाळी ती ओट्यावर पसरली. तेल-पाणी मुरलेली तूर कडक उन्हात तीन दिवस वाळली, की साल सुटतं आणि डाळ अखंड निघते. बुधवारी दुपारीच ढग आले. फेब्रुवारीत! गुरुवारी दिवसभर ऊन पडलंच नाही. बाया तूर गोळा करायच्या, ताडपत्री टाकायच्या, जरा उजेड दिसला की परत पसरायच्या. मी ओट्यावर फेऱ्या घालत आभाळाला शिव्या देत होतो.

शुक्रवारी सकाळी समोरची मिल सुरू झाली. यंत्राचा तो आवाज मला नीट ओळखीचा होता. लयीत, एकसारखा. आमचाच मिस्त्री. माझ्याने ऐकवेना. "चालू करा," मी ओरडलो. अक्काने मान हलवली. दातांत दाणा चावून दाखवला. दाणा फुटायच्या ऐवजी दबला. मी म्हटलं, "मालक कोण आहे इथं?" ती बाजूला झाली.

अर्ध्या तासात दहा कट्टे तुरीचा चुरा करून मी मोकळा झालो. साल चिकटलेलं, डाळीचे तुकडे, वर पीठ. ढोरांनाच घालायच्या लायकीचं. मागे दोन बाया कशाला तरी हसल्या. त्या मलाच हसल्या असं धरून मी त्यांना "चालत्या व्हा, उद्यापासून येऊ नका" म्हणालो. मग चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून भागीदाराशी एकदाचं भांडून यायला निघालो. काय बोलायचं ते मी दोन महिने पाठ करत होतो. फाटकापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून, ऑफिसच्या दारातून, अक्काची हाक आली.

"भांडाले जाजो भाऊ, पन पहिले तुनी गादी उचल!"

मी वळून परत आत आलो. "गादी? कसाले?"

"आठे तूर पसरनी शे."

"ऑफिसात? ऊन कुठंय तिथं?"

"ऊन नही ते नही. वारा ते शे ना!"

ती माझ्या उत्तराला थांबलीच नाही. बायांनी माझी गादी, लोड, टेबल असं सगळं बाहेर काढलं, फक्त देवाचा फोटो राहू दिला. मिलच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंची मोठी दारं सताड उघडली. मधून वारा सुटला. मिल बांधली तेव्हा याच वाऱ्याने भुसा उडतो म्हणून मी ती दारं कायम बंद ठेवायला लावली होती. यंत्रांच्या मधल्या वाटा, गोदाम, माझं ऑफिस, जिथं म्हणून फरशी होती तिथं बोटभर जाडीची तूर पसरली गेली. ओट्यावर ती चार बोटं जाड असायची.

मग खरं काम सुरू झालं. पसरलेली तूर नुसती पडून वाळत नाही, तिच्यातून पाय ओढत चालावं लागतं, म्हणजे सऱ्या पडतात आणि खालचा दाणा वर येतो. ओट्यावर हे दिवसातून चारदा करायचं. अक्काने ते न थांबता लावलं. पाच बाया या टोकाकडून त्या टोकाकडे, पाच उलट्या, पाच विसाव्याला. विसावा म्हणजे बसून फाटके कट्टे शिवायचे. हे सगळं तिने कुणाला समजावून सांगितलं नाही. स्वतः चालायला लागली, बाकीच्या मागे.

मला बसायला जागा उरली नव्हती. भांडायला जायचं तर रस्त्यापर्यंत तुरीवरूनच जावं लागणार. चपला काढून मी उभा राहिलो.

"उभा राही काय करस?" अक्का म्हणाली. "चाल."

मी चाललो. बायांना तमाशाच झाला. एकजण म्हणाली, "भाऊनी सरी दख, वाकडी!" दुसरी म्हणाली, "बैल नवा शे वं, दमानं घे." मी रागावून बघितलं, तर या दोघी त्याच, ज्यांना मी सकाळी हाकललं होतं. त्या गेल्याच नव्हत्या. अक्काने त्यांना थांबवून घेतलं होतं आणि मला विचारायची गरज तिला वाटली नव्हती. मी पुढची सरी ओढायला लागलो.

त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या डोक्यात भागीदारच होता. एका फेरीत मी त्याला एक सुनवायचो, दुसऱ्या फेरीत दुसरं. दुपारनंतर तळपाय हुळहुळायला लागले आणि लक्ष पायांकडे गेलं. शनिवारी सकाळी माझी सरी सरळ पडत होती. मी ते अक्काला दाखवलंही. तिने बघितलं आणि म्हणाली, "हां," आणि पुढे गेली. मला एवढी शाबासकी कुणी दिल्याचं आठवत नाही.

रविवारी दुपारी मी एक दाणा चावला. कट् वाजला. म्हटलं, झालं, चालू करू. अक्काने वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दाणे उचलले, एकेक कानाशी नेऊन नखाने फोडला. "आते नही."

"अक्का, मंगळवारी धुळ्याला पोचायचंय."

"आते नही."

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. अक्का तोवर पुढचा दाणा फोडत होती. माझा राग आटोपल्यावर तिने एवढंच विचारलं, "राग तुना शे, डाळ कसाले भोगी?" आणि चालायला लागली. शुक्रवारचे दहा कट्टे मागच्या भिंतीला लागूनच होते. मीही तिच्या मागे चालायला लागलो.

सोमवारी पहाटे तिनेच सांगितलं, "आते कर." मिस्त्री नव्हता. दगडाशी मी स्वतः उभा राहिलो. सहा वर्षं त्याला शिव्या देताना मी त्याच्या हातांकडे बघत होतो, ते असं कामी आलं. पहिलं घमेलं निघालं. अक्काने मूठ भरून उजेडात धरली. पिवळीधमक, अखंड. तिने ती मूठ परत घमेल्यात सोडली, हात झटकले आणि बायांना पुढच्या ढिगाला तेल-पाणी दाखवायला सांगितलं.

मंगळवारी धुळ्याच्या देवपुरात नानांच्या घरी, स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बाकड्यावर मी आणि भागीदार शेजारी शेजारी बसलो होतो. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. आत नानांच्या पत्नीने, काकूंनी, दोन सारखी पातेली चढवली होती. भागीदार म्हणाला, "मिस्त्रीशिवाय मिल चालवतोस म्हणे." मी म्हटलं, "तुझ्या मिस्त्रीला माझ्या शिव्या आठवत असतील." तो हसला. मी हसलो नाही.

काकू दोन वाट्या घेऊन बाहेर आल्या. बोटांत डाळ दाबून त्यांनी नानांना दाखवली. भागीदाराची डाळ वरून शिजली होती, आत दाणा राहिला होता. यंत्राच्या गरम हवेने ती घाईने वाळली असावी. माझी एकजीव झाली होती.

"कुणी वाळवली?" नानांनी विचारलं. "या ढगांत?"

अक्काचं नाव ओठांवर आलं होतं. शेजारी भागीदार बसला होता, मान वळवून ऐकत. ज्याने मिस्त्री नेला तो मुकादमबाईही नेईल. मी म्हटलं, "मी वाळवली. माझ्या पायांनी." भागीदार परत हसला. नानांनी वर्षाचा माल माझ्या नावावर केला. डाळ दर खेपेला अशीच हवी, एवढी एक अट घातली.

संध्याकाळी मिलवर आलो. अक्का नव्या ढिगाशी होती. मी तिला सगळं सांगितलं, आणि तिचं नाव घेतलं नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ हसली.

"बरं करं. नाव सांगता ते तो माले ली जाता."

"गेली असतीस?"

तिने विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हणून विचार करतात, तसा. मग म्हणाली, त्याच्याकडे वाळवायचं यंत्र आहे, त्याला तिचं काय काम? पण त्याने यंत्र विकलं असतं, तर भाव विचारायला ती नक्की गेली असती.

असं चोख उत्तर मला बाजारात वीस वर्षांत मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मजुरी वाढवून मागितली. मी सवयीने घासाघीस केली आणि हरलो.

पुढे सगळ्यांनी वाळवायची यंत्रं घेतली. अक्का होती तोवर मी घेतलं नाही. लोक मला चिक्कू म्हणायचे. म्हणू देत.