मामंजी आणि पाटी

लग्न होऊन मी उस्मानपुऱ्यातल्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं, की माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, एकट्यानं जेवता येत नाही. ताट वाढलं की ते ओसरीवर जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहायचे. ओळखीचं कुणी दिसलं की, "या, दोन घास खाऊन जा." ओळखीचं नसलं तरी चालायचं. चितेगावकडचे पाहुणे कोर्टकचेरीला, दवाखान्याला यायचे ते आठ-आठ दिवस राहायचे. आई आणि मी अशा दोघींच्याच घरातून मी आलेली. एवढ्या माणसांत मला जास्तच एकटं वाटायचं. भाकरी थापताना डोळे भरायचे आणि मी ते धुरावर ढकलायची.

मामंजी निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, तहसीलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून होते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीची भाषा बदलली, तेव्हा ते नव्यानं मराठी लिहायला शिकले. बोलायची मराठी घरचीच, पण मराठी वाचताना त्यांचं बोट शेवटपर्यंत अक्षराखालून सरकायचं.

त्यांचे सगळ्यांत जुने दोस्त म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे शिंपी. दोघं एका वर्गातले. रोज संध्याकाळी पाचला यायचे. मी त्यांना चाचा म्हणायची. माझा मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न ठरत होतं, महिनाभर तोच विषय चालला होता.

एक दिवस चाचा आले, बसले आणि खाली बघत म्हणाले, "बहन गुजर गई मेरी. सवेरे तार आई."

मामंजी हसले. "मुबारक हो भाई," म्हणाले आणि आत बघून मला सांगितलं, "पोरी, साखर आण."

मी दारातच थिजले. चाचांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, मग चप्पल घातली आणि गेले. मामंजी गोंधळले. "काय झालं? चहा न घेता गेला?"

मी जवळ जाऊन सांगितलं. पुन्हा ओरडून सांगितलं. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना ऐकूच येत नाही, वर्षभर ते सगळ्यांच्या हसण्यामागून हसत होते. मी कॅलेंडरचं पान फाडून मागं लिहिलं, चाचांची बहीण वारली. ते बोट सरकवत वाचत गेले. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं. टोपीसुद्धा न घालता ते चाचांकडं गेले.

परत आल्यावर म्हणाले, "त्यानं माफ केलं. पण आता कुणाला बोलावू नका. मला माणसं कळंनात."

त्यानंतर ओसरी ओस पडली. कानाचं यंत्र आणलं, त्यात नुसता खरखराट यायचा म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. जेवायला बसले की अर्धी भाकरी ताटात राहायची. इतकी वर्षं मला जी शांतता हवी होती ती आली होती आणि ती बघवत नव्हती.

एक दिवस मुलाची पाटी घेऊन मी त्यांच्यासमोर बसले आणि पाटीवर उजवीकडून डावीकडं बोट फिरवत खुणेनं सांगितलं, मला उर्दू शिकवा. त्यांनी खडू घेऊन पहिलं अक्षर काढलं, अलिफ.

चार महिन्यांत मी मोडकंतोडकं लिहायला लागले. भाजी काय करू, कोण आलं होतं, पावसानं पडेगावचा रस्ता बंद आहे. ते झरझर वाचायचे, बोट न लावता, आणि माझ्या चुकांवर हसायचे. पाटीची गोष्ट चाचांच्या कानावर गेली. ते आले, माझ्या हातातली पाटी घेतली आणि स्वतःच लिहायला लागले. दोन तास घरात फक्त खडूचा आवाज आणि अधूनमधून मामंजींचं खरं, वेळेवर आलेलं हसू. तीन वर्षं हे चाललं.

मग चाचा गेले. मला ते पाटीवर लिहावं लागलं. पहिलंच अक्षर काढून मी खडू खाली ठेवला. मामंजी म्हणाले, "असू दे. कळलं." पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

तेराव्याला पंगतीवर पंगती उठल्या. सहा महिन्यांनी दार वाजवणारा दूधवाला तेवढा उरला. माणसं आमच्याकडं येत नव्हती, त्यांच्याकडं येत होती, हे तेव्हा कळलं.

आता मुलं पुण्याला. यजमान रिटायर झालेत, मूळचेच अबोल. परवा जेवताना मी विचारलं, "तुम्हाला आठवतात का हो मामंजी?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला त्यांच्याशी कधी बोलताच आलं नाय. शाळेतून आलो की कुणीतरी बसलेलं असायचंच. वाटायचं, ही माणसं उठली की बोलू. ती कधी उठलीच नाय. आणि उठली तवा त्यांना ऐकू येत नव्हतं."

"पाटीवर लिहायचं की."

"मला कुठं येते उर्दू," ते म्हणाले. "तुला शिकवली त्यांनी."

एवढ्या वर्षांत हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी त्यांच्या ताटात थोडा भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत.