थंड पाइपावरचा गरम डबा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही... म्हणजे पूर्ण नाही. विश्वास होता तो वाफेवर – आणि त्याहून जास्त स्वतःच्या अकलेवर. घोळ तिथंच झाला!

सौंदडजवळच्या एका राईस मिलमध्ये मी बॉयलर सांभाळतो. भुसा जाळायचा, वाफ करायची, ती पाच टाक्यांत सोडून धान उकडायचं – उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं काम. नवीन होतो तेव्हा जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना लेक्चर द्यायचो, "उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते. आपोआप काहीच तापत नाही!" टाक्या धुणारे बिसेनकाका म्हणायचे, "हो बाबू, तुह्या तोंडाची वाफ इकडंच येऊन राहिली."

त्या दिवशी दोन नंबरची टाकी आतून धुवायची होती. काका शिडीनं आत उतरले. त्या टाकीचा वॉल्व बंद करणं माझं काम. पाच वॉल्व एका ओळीत, नंबर कशावरच नाही. मिलमध्ये सगळे दाराकडून मोजतात. मी शहाणा, बॉयलरकडून मोजले! बंद केला चारचा, आणि "झालं" म्हणून ऐटीत सांगून आलो. भट्टी पेटलेली, प्रेशर चढत होतं. मेन वॉल्व तेवढा बंद होता. प्रेशर भरलं की बाकीच्या टाक्यांसाठी तो फायरमन, म्हणजे भट्टीवाला चैतराम उघडणार होता.

मी जेवायला निघालो. आम्ही डबे वाफेच्या पाइपावरच ठेवतो, फुकटात गरम होतात. माझा सवयीनं दोन नंबरच्याच पाइपावर गेला होता. वॉल्व बंद, आज खा थंड भाजी, म्हणत उचलला आणि... आई गं! बोटं भाजली! डबा खाली, झाकण एकीकडे, भातातून वाफा!

पाइपात वाफ?? म्हणजे दोनचा वॉल्व उघडाच! मी टाकीच्या तोंडाशी धावलो. "काका, बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

"कायले बोंबलून राहिला बे? अर्धी टाकी बाकी आहे."

"या म्हणतो ना!"

"आलो, आलो. आग लागली का तुले?"

कुरकुरत आले. त्यांचा पाय जमिनीला लागला न लागला तोच तिकडे चैतरामनं मेन वॉल्व उघडला. टाकीतून असा फुत्कार उठला की काका मटकन खालीच बसले. मी धावत जाऊन मेन बंद केला. घाईत चाक दोनदा उलटं फिरवलं!

चूक सगळ्यांसमोर कबूल केली, पोटभर शिव्या खाल्ल्या. मग काकांनी विचारलं, "पण तुले समजलं कसं?"

मी डब्याचं सांगितलं. चैतराम म्हणाला, "मेन तर बंद होता. वाफ आली कुठून?"

आणि मला आठवलं... डबा सुटला तेव्हा तोल सावरायला दुसरा हात मी त्याच पाइपावर टेकवला होता. पाइप गार होता. विहिरीतल्या दगडासारखा गार!

मस्करीत कुणी डबा तापवला का, एकेकाला विचारलं. कुणीच नाही. माझ्या बोटांवर मात्र फोड होते.

कारण आजही सापडलेलं नाही. वॉल्ववर नंबर मीच रंगवले. लेक्चर बंद. जी टाकी धुवायची, तिच्याच पाइपावर डबा ठेवतो आणि मधूनमधून हात लावून बघतो.

आतून काका ओरडतात, "बाबू, डबा थंडा आहे ना?"

"थंडा आहे काका, एकदम थंडा!"

थंड भाजी इतकी गोड लागते, हे मला आधी माहीत नव्हतं.