नाजूकराव आणि पुढचे शॉकअप

नाजूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते साडूने ठेवलं. सासऱ्यांचं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर चढवताना एका टोकाला साडू होता, गॅरेजवाला, दणकट मनगटांचा. आणि दुसऱ्या टोकाला हे, घड्याळं दुरुस्त करणारे. दोन-चार पायऱ्या झाल्या की हे कपाट टेकवून तळहातांवर फुंकर मारत. "अहो नाजूकराव, कपाट आहे, घड्याळाचे काटे नव्हेत," साडू म्हणाला आणि ते नाव घरभर झालं. पुढे ते बायकोच्याही तोंडी बसलं. लाडात आली की ती तेच वापरायची आणि चिडली की तेच.

आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ते सांगत. पण गाडीचं काही निघालं की साडूच्या गॅरेजात जायला ते टाळाटाळ करत, एवढं मात्र खरं.

यंदा टाळून भागणार नव्हतं. रस्त्यात जरा कुठे खड्डा आला की गाडीखालून धाडदिशी आवाज येई आणि मग ती कितीतरी वेळ होडीसारखी डुलत राही. सासऱ्यांच्या मणक्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम नाजूकरावांकडे होतं. सासरे तक्रार करत नसत. समोर खड्डा दिसला की नुसते डोळे मिटून घेत. ते बघून नाजूकरावांनाच पाठीत कळ आल्यासारखं व्हायचं.

शेवटी त्यांनी चारही चाकांचे नवे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारे दांडे, मागवले. खोकी घरी आली, तशी ती फोडून त्यांनी सगळा माल जेवणाच्या टेबलावर मांडला.

"आता जेवायचं कुठे?" बायकोने विचारलं. मग जरा थांबून, "आणि हे बसवणार कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"पाना धरता येतो मला. आयुष्यभर दुसरं काय केलं?"

"तुमचा पाना माझ्या डोळ्यात गेला तर मी कुसळ म्हणून काढीन," ती म्हणाली. "भाऊजींचं गॅरेज हाकेच्या अंतरावर असताना हा खटाटोप कशाला?"

ते टेबलावरचे नट मोजू लागले. तिला कारण माहीत होतं, म्हणून तिनेही ते ताणलं नाही. फक्त ताटं वाढता वाढता म्हणाली, "घड्याळ चुकलं तर माणसाची बस चुकते, दुसरी मिळते. इथे मागच्या सीटवर बाबा बसतात. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

हे मात्र त्यांच्या मनात रुतलं. दुकानात घड्याळ उघडून बसले तरी डोक्यात तेच. आपण हे बाबांसाठी करतोय की साडूचं तोंड बंद करायला?  मग त्यांनी स्वतःशीच एक तोडगा काढला: आधी मागचे दोन बसवायचे, ते सोपे असतात. नीट जमले तर पुढच्यांचं बघू.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी गाडी अंगणात घेतली, जॅक लावून लोखंडी तिवयांवर चढवली आणि मागची चाकं काढली. गंजलेले नट तेल पिऊनही हलायला तयार नव्हते. पान्याला लांब पाइप जोडून जोर लावला, तेव्हा कुठे पहिला नट कुरकुरत वळला. दुपारपर्यंत मागचे दोन्ही जागेवर बसले. चहा घेऊन आलेल्या बायकोला त्यांनी जुना शॉकअप दाबून दाखवला. तो गेला आत आणि तिथेच बसला. "मेला होता बिचारा," ते म्हणाले. कोपरापर्यंत काळे झालेले हात बघून ते मनोमन खूश होते.

त्या खुशीतच त्यांनी पुढचं चाक काढलं.

पुढचा शॉकअप निराळा असतो. त्याच्याभोवती स्प्रिंग असते, वरच्या नुसत्या एका नटाने दाबून धरलेली. शॉकअप बदलायचा तर ती स्प्रिंग आणखी आवळायची, मगच नट सोडायचा. त्यासाठी लांब आट्यांच्या स्क्रूवर बसवलेले, स्प्रिंग पकडून आवळणारे दोन आकडे मिळतात. ते त्यांनी भाड्याने आणून ठेवले होते. शॉकअप आणि स्प्रिंग असं सगळं जोडकाम गाडीतून बाहेर काढून त्यांनी फरशीवर आडवं ठेवलं, दोन बाजूंना आकडे अडकवले आणि आळीपाळीने फिरवू लागले.

स्प्रिंग म्हणजे काय, हे आपल्याला चांगलं कळतं, अशी त्यांची समजूत होती. केसाहून बारीक स्प्रिंगा त्यांनी चिमट्याने उचलल्या होत्या. त्यातली एखादी निसटली की कपाटाखाली जायची आणि ते गुडघ्यांवर रांगत तिला शोधायचे. ही स्प्रिंग अंगठ्याएवढी जाड होती. प्रत्येक फेऱ्याला तिचे वेढे जवळ येत होते आणि पान्यातून काहीतरी त्यांच्या खांद्यापर्यंत चढत होतं. एवढी ताकद आपल्या हाताची नाही, हे त्यांना कळत होतं. ती त्या वेढ्यांत साठत होती.

मग टक्क असा आवाज झाला. एक आकडा वेढ्यावरून बोटभर सरकला होता.

नाजूकराव जागच्या जागी थिजले. समोरचं लोखंड अगदी शांत होतं. पण ही शांतता नुसत्या पडून असलेल्या वस्तूची नव्हती. आत कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं. आपलं तोंड त्याच्या किती जवळ आहे, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. बायको दारातून बघत होती. "आत जा," ते हळूच म्हणाले. तिने त्यांचा चेहरा बघितला आणि आत गेली.

बाजूला सरून, हात लांब ठेवून, त्यांनी एकेक आटा उलटा फिरवला. आकडे सैल पडून निघाले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"भाऊजींना फोन लावू?" बायकोने आतून विचारलं.

"नको. मीच जातो."

दुसऱ्या बाजूचं जोडकामही काढून, ती दोन्ही आणि पुढचे नवे शॉकअप गोधडीत गुंडाळून, ते तिच्या स्कूटरवर पायांशी ठेवून घेऊन गेले. साडूने गोधडी उलगडली, मग यांच्या हातांकडे बघितलं. आता टोमणा येणार म्हणून नाजूकराव तयारच होते. साडूने नुसतं बोट वर केलं. गॅरेजच्या छताच्या पत्र्याला आतून पोचा पडला होता, नारळाएवढा.

"एक स्प्रिंग माझ्या हातून सुटली होती," साडू म्हणाला. "डोकं चार बोटं बाजूला होतं म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. अजूनही दर वेळी भीती वाटते. कुणाला सांगत नाही."

भिंतीला पक्कं बसवलेलं दाबयंत्र होतं. साडूने त्यात जोडकाम अडकवलं, स्वतः बाजूला उभा राहिला, यांनाही बाजूला घेतलं आणि दांडा फिरवू लागला. स्प्रिंग सावकाश खाली खाली गेली. नट निघाला. मग साडूने दांडा उलटा फिरवला, तशी ती उठू लागली, थेट आपल्या पुऱ्या उंचीपर्यंत.  पूर्ण मोकळी झाल्यावर नाजूकरावांनी तिच्यावर हात ठेवला. दुकानाच्या वाऱ्या, दवाखान्याच्या खेपा, गाडीत बसलेली सगळी माणसं ही उचलून धरत होती आणि आपण एकदाही वाकून बघितलं नाही, असं त्यांना वाटलं. डोळे भरून आले. साडूने ते बघितलं आणि उगाच पाने आवरायला घेतले.

नवे शॉकअप स्प्रिंगांत बसवून झाल्यावर साडू म्हणाला, "गाडीला तुम्हीच लावा. मी नुसता बघायला येतो." संध्याकाळी तो अंगणात आला, गाडीखाली सरपटत जाऊन मागचं काम तपासलं. "चाकं लोंबकळत असताना नट आवळलेत ना? गाडी खाली उतरवा, भार येऊ द्या, मग परत सैल करून आवळा. नाहीतर आतलं रबर पिळवटतं. बाकी काम झकास." ते 'झकास' नाजूकरावांनी बायकोला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडूच्याच गॅरेजात चाकांची दिशा जुळवून घेतली.

पुढच्या खेपेला सासरे दवाखान्यापर्यंत बोलत होते. तरुणपणी पोहायला कसे जायचे, कोण बुडता बुडता वाचलं, सगळं. खड्डे आले आणि गेले. उतरताना म्हणाले, "आज रस्ता बरा होता."

त्यांचा व्यायाम चालला होता तेवढा वेळ नाजूकराव फाटकाशी उभे राहिले. तिथे गतिरोधक होता. रुग्णवाहिका आली, भरलेली बस आली, गॅसच्या टाक्यांचा टेंपो आला. प्रत्येक गाडी त्यावर चढत होती, किंचित बसत होती आणि पुन्हा सावरून उभी राहत होती. बसमधली एक बाई पोराला मांडीवर झोपवून खिडकीतून बाहेर बघत होती. पोराची झोपमोड झाली नाही. नाजूकराव चाकांच्या वरच्या, स्प्रिंगा दडलेल्या त्या काळोख्या जागेकडे बघत राहिले, ती बस वळून दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग तिच्या मागून आलेल्या गाडीकडे.