शेजारी सहाशे मीटर वर, आम्ही समुद्राखाली

आमचं देऊळघाटचं घर समुद्राच्या पातळीखाली आहे, हे मला एका रविवारी सकाळी कळलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. (हे पुढं कुणी माझ्याविरुद्ध काढण्याआधी मीच सांगून टाकतो.) नवा मोबाईल घेतला होता आणि त्यात जागेची उंची सांगणारं ॲप टाकलं होतं. आता उंची मोजायची तर निवांत बसायला जागा हवी, आणि घरात ती नव्हती. त्या साली बोंडअळीनं अर्धं शेत खाल्लं होतं. उरलेला कापूस भाव चढेपर्यंत समोरच्या खोलीत पार छताच्या पत्र्यापर्यंत भरून ठेवलेला. वर्षाचं सगळं काही त्या एका खोलीत! आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालायचो, कापसाला टेकून जेवायचो आणि त्याच्या खाजेनं घरभर सगळे मिळून खाजवायचो. मी त्या ढिगावर चढलो, डोकं पत्र्याला टेकवलं आणि बटण दाबलं.

उणे चाळीस मीटर!

"उणे म्हंजे काय रे?" खालून मायनं विचारलं.

"म्हणजे समुद्र वर, आपण खाली," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं आणि आंघोळीला गेलो. एखाद्या शहाण्याला शंका आली असती. मला अभिमान वाटला. एवढी अजब गोष्ट, आणि ती आपल्या घरी!

अंग पुसून बाहेर येतो तर मायनं पदर खोचलेला. समुद्राचं पाणी वाढतंय, असं टीव्हीवर नुकतंच दाखवलं होतं आणि तिनं ते डोळे मोठे करून पाहिलं होतं.

"कापूस हालवा!"

"काऊन?" बाबा चहा फुंकत म्हणाले.

"समुद्र आला त भिजन न!"

"अवो, समुद्र कुठी अन् आपून कुठी! असं कुठी होते का?"

"बीटी बियान्याले बोंडअळी लागत नाही, असं कोन म्हनत होतं? पाकिटावर लिहेल हाय म्हने! लागली का नाही?"

बाबांनी कप खाली ठेवला. त्या साली कधी होणार नाही असं सगळे म्हणत होते, तेच शेतात झालं होतं. मग समुद्रानं तरी कशाला लाजावं?

"खामगावले न्या, माह्या भावाकडं," माय म्हणाली. "त्याचं घर दुमजली हाय!"

मायच्या माहेराला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

तेवढ्यात शेजारचे गणपतभाऊ आले. "मास्तर, माह्याही घराची उंची पाय न बे." मी त्यांच्या अंगणात उभा राहून बटण दाबलं. सहाशेच्या वर! गणपतभाऊंची छाती तिथल्या तिथं फुगली.

"पाय!" माय हळहळली. "गनपतचं घर डोंगरावर अन् आपलं पान्यात. नशीब एकेकाचं!"

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. म्हणजे भिंतीच्या अलीकडं समुद्र, पलीकडं पहाड! मी त्या भिंतीला आदरानं हात लावून पाहिला. (शंका? छे! मला वाटलं, गल्लीला उतार असेल.)

"मंग कापूस त्याच्याकडंच ठेवू न," बाबा हळूच म्हणाले.

"त्यानं वावराच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं माह्यं निंबाचं झाड तोडलं! बुडून मरीन, पन त्याच्या घरात कापूस ठेवनार नाही!"

झालं! गावातल्या सलीमभाईंची मेटॅडोर आली. कापूस भरताना अर्धं गाव जमलं. "भाव भेटला वाटते, मास्तर?" "नाही, जागा बदलून राह्यलो," मी सांगितलं. बाबा रिकाम्या खोलीची राखण करायला मागं थांबले. सलीमभाई, माय आणि मी केबिनमध्ये बसलो, आणि मागं आमचं अख्खं वर्ष, वरून जाळी बांधलेलं.

बुलडाणा मागं पडलं, बोथ्याचं जंगल लागलं, घाट सुरू झाला. दोन वळणं गेली आणि मायनं कानात बोट घातलं.

"सलीम, माह्ये कान काऊन बसले रे?"

"घाट उतरून राह्यलो न काकी. खाली जाताना बसतातच."

"खाली?"

"मंग! खामगाव घाटाखाली नाही का?"

माय सावकाश माझ्याकडं वळली.

"मास्तर." (ती मला एरवी प्रल्हाद म्हणते.) "समुद्र कुठी राह्यते? वर का खाली?"

"खाली."

"अन् आपून कापूस घेऊन कुठी चाललो?"

मी काचेतून खालची वळणं मोजू लागलो. घाटावरचे आणि घाटाखालचे, यातच आमच्या जिल्ह्याचा जन्म जातो. सोयरीक जमवताना पहिला प्रश्न हाच! आणि मी, भूगोलाचा मास्तर, कापूस समुद्रापासून वाचवायला घाट उतरून निघालो होतो!

"गाडी फिरव!" माय ओरडली.

"काकी, इथं फिरवली त आपून तिघंही थेट समुद्रसपाटीले पोचू!"

त्यामुळं खामगावपर्यंत जावंच लागलं. मामांनी वरची खोली झाडूनपुसून ठेवली होती. मायनं कापूस उतरूच दिला नाही. चहा प्यायली, भावाची विचारपूस केली आणि उठली.

"ताई, कापूस मले दाखवाले आनला होता का?" मामा म्हणाले.

तिला आता मोबाईलवर भरवसा उरला नव्हता. (माझ्यावरही नव्हता.) "रेल्वेच्या पाटीवर उंची लिहेल राह्यते," सलीमभाई म्हणाले, म्हणून कापसाची गाडी स्टेशनाबाहेर लावून आम्ही आत गेलो. पिवळ्या पाटीवरचा आकडा मी मोठ्यानं वाचला. गणपतभाऊंच्या घराच्या उंचीच्या जेमतेम निम्मा!

"म्हंजे गनपतचं खरं," माय म्हणाली. "अन् त्याची अन् आपली भित एकच हाय."

परतताना घाट चढू लागलो तशी ती दर वळणाला "बसले! कान बसले!" म्हणून टाळी वाजवायची. माथ्यावर तिनं गाडी थांबवली. खाली खामगावकडचं सगळं रान पसरलेलं, जिथून आलो ते गाव कुठं आहे हेही दिसेना. माय बराच वेळ बघत राहिली.

"त्याच्याहून खाली समुद्र?"

"हो, माय."

"अन् आपून जलमभर एवढ्या उंच राहून राह्यलो?" तिनं हात जोडले. कुणाला, ते तिलाच ठाऊक. "बापा रे! म्हनूनच विहिरीले पानी नाही. ते बिचारं चढन तरी किती!"

मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या अंगावर काटा आला. हा घाट मी हजारदा उतरलो, चढलो, मुलांकडून त्याचा नकाशा काढून घेतला, पण आमचं चूल-मडकं, तो पत्रा, मागचं कापसाचं ओझं, सगळं एवढ्या उंचावर कुणीतरी अलगद उचलून धरलंय, असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं. सलीमभाईही गाडीतून उतरून आमच्या शेजारी येऊन उभे राहिले.

कापूस पुन्हा पत्र्यापर्यंत भरला. पुढं भाव थोडा चढला, तेव्हा विकला. पत्र्याखाली मोबाईलला आभाळ दिसत नाही आणि मग तो वाटेल ते सांगतो, हे मला नंतर कळलं. माय मात्र दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगते, "आमचं घर समुद्रापासून सहाशे मीटर वर हाय बरं!" तिला ते अजून खरं वाटत नाही, म्हणून ती रोज सांगते.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, वर्गात गेलो आणि फळ्याकडं तोंड करून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपलं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे?"

सगळ्या वर्गाचे हात वर! असं माझ्या तासाला कधीच झालं नव्हतं. गणपतभाऊंची नात तर बाकावरच उभी राहिली.

"सर, आमच्या घराची उंची सांगू, का तुमच्या?"