फटकळ बाईंचा सरळ प्रश्न

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळे ‘फटकळ बाई’ म्हणतात, तेही तोंडावर. सुई पाहून गळाठणाऱ्या मिशीवाल्या गड्याला त्या बेधडक सांगतात, “आईला हाक मारायची तर मारा, पण हात हलवू नका.” मी काउंटरवर बसते, त्यामुळे त्यांचा दणका मलाही रोज मिळतो. तरी माझं कुणी आजारी पडलं, तर मला त्याच हव्या असतात.

एकदा माझा दादा आणि वहिनी भाचीला घेऊन आले. परीक्षेनंतर पोर अगदी कोमेजली होती. “आता बरी आहे हो,” वहिनी खुशीत म्हणाली. “काल आपणहून कपाट आवरलं, लाडकी रंगपेटी मामेबहिणीला देऊन टाकली, मला मिठी मारली. भुकेचं औषध तेवढं द्या.”

मलाही हायसं वाटलं. बाईंचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी दोघांना बाहेर बसवलं. भाचीने माझा हात सोडला नाही, म्हणून मी आत राहिले. बाई तिच्या शेजारी टेकल्या.

“जीव द्यायचं ठरवलंयस का ग?”

मी बाईंकडे डोळे वटारले. पोरीच्या डोक्यात नसेल ते घालताय की काय! पण भाची घडाघडा बोलू लागली. कसं, कधी, सगळं ठरलेलं होतं. ठरलं म्हणून ती शांत झाली होती.

डॉक्टरांशी बोलून बाईंनी दादा-वहिनीला आत घेतलं. आजच हॉस्पिटलात न्यायचं म्हटल्यावर दादा उसळला. “लोक काय म्हणतील? आम्ही घरीच डोळ्यांत तेल घालून बघू.”

“नुसतं मरावंसं वाटत असतं आणि ती जपून राहीन म्हणाली असती, तर घरी पाठवून उद्या बोलावलं असतं,” बाई म्हणाल्या. “हिचा बेत ठरलाय. लोकांचं नंतर बघू.” मग त्या भाचीकडे वळल्या. “तूच सांग. घरी गेलीस तर स्वतःला जपशील?”

भाचीने बापाकडे पाहिलं. “नाही जमणार, बाबा. मला तिकडेच न्या.”

दादा लगेच निघाला. गाडीची किल्ली शोधायला सगळे खिसे चाचपू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.