वन्संची गोट्यांची पेटी

पेटी देणार नाही.

एकदाच इथे लिहून टाकते, म्हणजे घरच्या ग्रुपवर पुन्हा कुणी विचारायला नको.

आज वन्संना जाऊन वर्ष झालं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. वटार गावातली वाडी सांभाळली, आणि सोनचाफा, केळी भरून स्वतःची व्हॅन स्वतःच माणिकपूरच्या बाजाराला नेली. व्हॅन बिघडली की गाऊनवर भावाचा जुना शर्ट चढवून गाडीखाली शिरायच्या.

मी कॉन्व्हेंटची. आमच्या सिस्टर दर सोमवारी असेम्ब्लीत नखं तपासायच्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नणंदेची नखं बघून धक्काच बसला. ग्रीसने काळी.

त्याच हातांनी त्यांनी माझ्या केसांत चाफा माळला. आधी रॉकेलने हात पुसून.

चाफा आणि रॉकेल. तो वास अजून येतो मला.

आता पेटीचं.

ह्यांनी एकदा सेलमध्ये एकशे आठ पीसचा सॉकेट सेट मागवला. चकचकीत सूटकेस. नटावर बसवून फिरवायच्या सॉकेटला गॅरेजवाले गोटी म्हणतात, आमच्या घरातही तोच शब्द. वन्संनी सूटकेस उघडून बघितली.

"अरे, अर्ध्या गोट्या इंचाच्या आहेत. आपली गाडी एमएमची."

"ताई, बसतात गं सगळ्या अंदाजे," हे म्हणाले. आणि बाराच्या नटावर अर्ध्या इंचाची गोटी लावून जोर दिला.

नटाच्या कडा गेल्या. लाडवासारखा गोल झाला. तो काढायला वन्संना छिन्नी घेऊन अख्खी दुपार लागली. ह्यांनी मुकाट्याने तीनदा चहा केला.

दुसऱ्या दिवशी वन्सं मला म्हणाल्या, "चल माधुरी. मी काय जन्माला पुरणार नाही तुम्हाला."

माणिकपूरच्या दुकानात दुकानदाराने आमच्या मागे कुणी आहे का बघितलं. "मिस्टर नाय आले?"

"हिचे मिस्टर घरी बोंबील तळतायत. तुम्ही गोट्या दाखवा," वन्सं म्हणाल्या.

वन्संनी पर्समधून रुमाल काढला. रुमालात गाडीचे तीन जुने नट. सोनाराकडे मोड न्यावी तसे. प्रत्येक सेटमधली गोटी त्या नटांवर घालून बघितली. आत बारा कडा असलेल्या सरळ बाजूला सारल्या.

"आपली हवा खारी. इथे प्रत्येक नट गंजलेला. बारा कडांची निसटते. सहा कडांची धरून ठेवते."

रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, कानाशी नेऊन फिरवलं. कटकट बारीक हवी. दाते बारीक असले की अडचणीच्या जागी थोडासा हात हलवूनही काम होतं. मग आठपासून चोवीसपर्यंतच्या गोट्या मोजल्या, मधला एकही आकडा गाळलेला चालणार नव्हता. स्पार्क प्लगसाठी खोल गोटी वेगळी घेतली.

"आणि दहाची एक जास्त द्या. ती हरवतेच."

दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढं तर मेकॅनिक पण बघत नाय."

"म्हणूनच मी मेकॅनिककडे जात नाही."

गोट्यांची ती पेटी घेऊन परत येताना व्हॅनमध्ये मला म्हणाल्या, "लक्षात ठेव. ढिली बसते ती आपली नाही. ठोकून बसवावी लागते तीपण नाही."

"स्थळं पण अशीच बघितलीत का, वन्सं?"

इतक्या हसल्या की गिअर बदलायचा राहिला आणि गाडी बंद पडली.

गेल्या वर्षी त्यांच्या तेराव्यानंतर साड्या वाटल्या. पैठणी जाऊबाईंनी घेतली. बांगड्या भाचीला. मला काय हवं, विचारलं.

मी म्हटलं, "पेटी."

धाकटे दीर, विलासभाऊजी, हसले. "वहिनी, त्यात काय लोणचं भरणार? भंगारवाला उभा आहे बाहेर. वर्षभर ठेवा हवी तर. वर्षश्राद्धाला विचारतो, एक तरी गोटी लावलीत का."

विचारलंत भाऊजी. आज सकाळीच. जरा वेगळ्या पद्धतीने.

भटजींना आणायला निघाले आणि त्यांच्या गाडीने मान टाकली. किल्ली फिरवली की नुसतं टकटक. बॉनेट उघडून बॅटरीच्या नटाला पकड लावायला गेले.

"पकड नको भाऊजी. कडा जातील."

"वहिनी, तुम्ही नैवेद्याचं बघा."

"नैवेद्य हे बघतायत."

पेटी घेऊन आले. हातातल्या सोन्याच्या बांगड्या आधी काढून ठेवल्या, कारण बॅटरीजवळ हातात धातू नको, हा वन्संचा पहिला नियम. जाऊबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, आजच्या दिवशी बांगड्या कसल्या काढतेस?"

काढल्या. आज वन्संचाच दिवस आहे.

घाईत बाराची गोटी लावली. ढिली. ती आपली नाही. दहाची लावली, नीट बसली. आधी काळी वायर सोडली, मग लाल. टोकांवर पांढरा थर साचला होता. गरम पाण्याने धुतला, घासला, कोरडं केलं. आधी लाल आवळली. काळी शेवटी.

"मारा आता."

पहिल्या फटक्यात सुरू.

विलासभाऊजी काचेतून बघत राहिले. "हे कुठे शिकलात?"

"तुमच्याच ताईकडे. तुम्हालाही शिकवत होत्या. तुम्ही कॅरम खेळायला पळायचात."

भाऊजींनी गाडी काढली. भटजी वेळेवर आले.

जेवणं झाल्यावर बघते तर पेटी अंगणात नव्हती. भाऊजींनी ती आत आणून, पुसून, वन्संच्या फोटोखाली ठेवली होती.

नमस्कार करताना माझ्या नखांत काळं तसंच होतं. दोनदा धुतले हात. निघालं नाही. सिस्टरांनी आज मला रांगेतून बाहेर काढलं असतं.

काढू देत.

वन्सं, पेटी घरातच आहे. दहाच्या दोन्ही गोट्या जागेवर आहेत.

काळ्या नखांच्या हातांनी तुम्हाला मनापासून नमस्कार.

तुमची माधुरी