मधल्या घडीचा आकडा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दोन्ही पोरींना नाही. विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसांनाही नाही. मग तुम्हाला काहून सांगून राह्यलो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं समजा. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर इतकी वर्षं गेलीच नसती.

गोष्ट हिरामणची आहे. एका चांगल्या धुरकऱ्याचं नाव खराब झालं — आणि ते मी केलं. पण असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येत नाही. सुरुवातीपासून सांगतो.

मी शाळेत पी.टी. शिकवायचो, आता रिटायर आहे. उमरखेड तालुक्यातलं आमचं गाव. संक्रांत झाली की गावात शंकरपट भरतो. तुम्ही इकडचे नसाल तर सांगतो — बैलजोडी हलक्या छकडीला जुंपायची, धुरकऱ्यानं वर बसून कासरा धरायचा, झेंडी पडली की सुसाट सोडायची. आमच्याकडे एका वेळी एकच जोडी पळते, दुसरी जोडी शेजारी नसते. लढत घड्याळाशी. सात सेकंद, साडेसात सेकंद, संपला खेळ. शाळेचं स्टॉपवॉच माझ्याकडे असायचं म्हणून एका वर्षी मला घडी धरायला बोलावलं, आणि मग दरवर्षी मीच धरत गेलो.

पद्धत अशी होती. शेवटच्या रेघेवर तीन माणसं, तिघांच्या तीन घड्या. जोडी गेली की तिघांनी आपापला आकडा बोलायचा. सगळ्यात कमी सोडायचा, सगळ्यात जास्त सोडायचा, मधला फळ्यावर लिहायचा. बहुतेक वेळा मधला आकडा माझाच निघायचा, म्हणून माझ्या घडीला लोक मधली घडीच म्हणायचे. मी शेवटी बोलायचो, तसा मानच होता मला. बाकी दोघांना लिहिणारा म्हणायचा, "दाखवा बरं घडी." मला कधी म्हणाला नाही. सरांची घडी काय पाहायची? सर म्हणजे सरळ माणूस. चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीत, लग्नाच्या मांडवात — सगळीकडे हेच. आणि मला ते फार आवडायचं हो. खोटं कशाला बोलू? आवडायचंच.

आता बक्षिसाचं. त्याचा मला आजही इतका राग येतो की बोलताना आवाज चढतो.

पूर्वी आमच्या पटाचं पहिलं बक्षीस म्हणजे पितळेची घागर, फेटा आणि पाचशे एक रुपये. जिंकणारा घागर डोक्यावर घेऊन गावभर नाचायचा, आणि हरणारा त्याच्याच घरी मटण खायला जायचा. बैलही कामाचेच. चार दिवस आधी वखराला, पटाच्या दिवशी छकडीला. काय कमी होतं हो त्यात? मग बंदीची वर्षं आली, पट थांबले. परवानगी मिळाली तसं सगळ्यांच्याच अंगात आलं. शेजारच्या गावानं एकावन्न हजार ठेवले. झालं! आमच्या कमिटीच्या बैठकीत एकच बोंब — त्यांचे एकावन्न, तर आपला लाख. वर एक मोटारसायकल. कोणी विचारलं नाही की लाख कायले पाहिजे. मीही नाही विचारलं. हात वर केला आणि चहा पिऊन घरी आलो.

लाख आला तशा दूरदूरच्या जोड्या ट्रकात बसून आल्या. पंख्याखाली बांधलेले बैल, जन्मात वखर न पाहिलेले. धुरकरी भाड्याचे. गावच्या जोड्या पहिल्याच दिवशी बाहेर. पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली. पाचशे एक रुपयांसाठी कोणी मुद्दाम हरला, असं आमच्या गावात कोणाच्या डोक्यात आलं नसतं. हसले असते लोक. लाख आला आणि ज्याच्यात्याच्या तोंडात एकच — हा विकला, तो विकला. झेंडीवाला विकला, घडीवाला विकला. दोन वर्षांत कोणाचा कोणावर भरवसा राहिला नाही. फक्त मधली घडी वाचली होती. माझी.

हिरामण बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. माझाच विद्यार्थी — अनवाणी पळायचा आणि बूट घातलेल्या पोरांना मागे टाकायचा. पुढे धुरकरी झाला. उमरखेडला सत्तारभाईंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. पटाचा शौक त्यांना बापापासून. जोडी सत्तारभाईंची आणि कासरा हिरामणचा, असं बंदीची वर्षं धरून बारा वर्षं चाललं होतं. हिरामण बैलाला कधी टोचायचा नाही. नुसता ओरडायचा, तेही त्यांच्या गोरबोलीत, आणि बैल त्याचं ऐकायचे. दोन्ही घरांचं जाणं-येणं असं की ईदला हिरामणची बायको तिकडे राबायची आणि दिवाळीला सत्तारभाईंच्या पोरी तांड्यावर.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी फळ्यावर सगळ्यात वर सात एकोणीस होता, म्हणजे सात पूर्णांक एकोणीस सेकंद. बाहेरची जोडी, ट्रकवाली. आणि शेवटची जोडी राहिली होती सत्तारभाईंची. सगळं गाव दोरीवर रेलून उभं. हिरामण छकडीवर चढला. मी अंगठा बटणावर ठेवला.

आणि त्याच वेळी स्टेजवर दोन माणसं फोटोसाठी एक चेक उचलून घेऊन आली. पुठ्ठ्याचा, दाराएवढा मोठा. त्यावर लाखाचा आकडा. मी पाहिलं तिकडे. बस, तेवढंच. लोक ओरडले तेव्हा मान वळवली, तर झेंडी पडून गेलेली आणि बैल अर्ध्यात. घाईनं बटण दाबलं. जोडी रेघेवरून गेली तेव्हा परत दाबलं. घडीत तीन सेकंद आणि काहीतरी.

म्हणजे माझ्याकडे आकडाच नव्हता.

इथं एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही मला सोडून द्याल. घडी चुकली तर काय करायचं, हे ठरलेलं होतं. हात वर करायचा, "घडी नाही लागली" म्हणायचं. जोडीला अर्धा तास आराम, आणि परत पळवायची. कोणी फासावर देत नव्हतं. शेजारच्या घडीवाल्याचं असं दोनदा झालं होतं. लोकांनी त्याला शिव्या घातल्या आणि संध्याकाळी विसरले. मग मला काय धाड भरली होती? हात वर का नाही गेला?

हात खालीच राहिला. अंगठा मात्र गेला. मी अंगठ्यानं ती घडी शून्य केली.

पहिला म्हणाला, सात बारा. दुसरा म्हणाला, सात एकतीस. हे दोघं असेच, दरवेळी एकमेकांपासून कोसभर लांब. आणि लिहिणारा माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर?"

मी म्हणालो, "सात बावीस."

फळ्यावर सात बावीस लिहिलं गेलं. सत्तारभाईंची जोडी दुसरी आली.

बरीच वर्षं मी स्वतःला असं समजावत होतो की घाबरलो, तोंडाला येईल तो मधला आकडा बोललो. अंदाजच तो. कोणाचा पैसा घेतला नाही, कोणाचा फोन आला नव्हता. हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. अंदाजच होता तर सात सतरा का नाही म्हणालो? सतराही बारा आणि एकतीसच्या मधेच येतो की! फळ्यावरचा एकोणीस मला दिसत होता. चांगला स्पष्ट दिसत होता. मला माहीत होतं की एकोणीसच्या खाली बोललो तर हिरामण जिंकतो आणि वर बोललो तर हरतो.

मग बावीस का?

कारण जिंकवला असता तर लोक म्हणाले असते — सरांनी आपल्या विद्यार्थ्याला जिंकवलं, सरांनी गावची जोडी वर काढली. लाखाचा मामला. कोणीतरी म्हणालं असतं, दाखवा घडी. आणि घडीत होतं शून्य. हरवल्यावर कोण घडी मागतं? उलट नाव होतं — पाहा, सरांनी स्वतःच्या पोरालाही सोडलं नाही. हा एवढा हिशोब मी उभ्या उभ्या केला. डोळ्यांची पापणी लवते तेवढ्यात केला. सरळ माणूस म्हणवून घ्यायला मी वाकडा आकडा बोललो.

आणि लोक म्हणालेही तसंच. संध्याकाळी दोघांनी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो.

पुढचं मला सुचलं नव्हतं. सुचायला पाहिजे होतं, पण मी स्वतःतच गुंतलो होतो. लोकांना वाटलं होतं जोडी जिंकली. पळतानाच ती तशी सुसाट दिसली होती. आणि मधली घडी तर खोटी असू शकत नाही! मग चुकलं कोण? उरला धुरकरी. तिसऱ्या दिवशी टपरीवर ऐकलं — हिरामणनं शेवटी कासरा ओढला. आठवड्यात ऐकलं — ट्रकवाल्यांनी त्याला पैसे दिले. महिन्याभरात कोणी तर त्याच्या घरावरचे नवे पत्रेही पाहून आला. पत्रे जुनेच होते हो! मी स्वतः पाहिले आहेत.

सत्तारभाई एक शब्द वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या पटाला भाड्याचा धुरकरी आणला, आणि हिरामणला म्हणाले, "थोडा आराम कर ले भाई." बारा वर्षांनंतर एवढंच. त्या वर्षीच्या ईदला तांड्यावरून कोणी गेलं नाही.

मग हिरामण माझ्याकडे आला. ओट्यावर बसला. पाणी दिलं तर पेला हातात धरून राहिला, प्यायला नाही.

"सर, लोक काय म्हनते ते तुमाले माहीत हाये. माह्या याडीची, मायची आन घेऊन सांगतो, म्या कासरा नाही ओढला. मले तर वाटलं का सातच्या आत गेलो. तुमच्या घडीत किती आलं व्हतं? तुमी एक डाव सांगा मले."

तो भांडायला आला नव्हता. माझ्यावर त्याचा संशयही नव्हता. गावात तोच एक माणूस, ज्याला मी खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. मारलंही नसतं त्यानं मला. आम्ही दोघंच होतो तिथं. फाटक बंद होतं.

मी म्हणालो, "बावीसच होतं, हिरामण."

त्यानं मान हलवली. आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग माह्याच हातानं दगा देला असंन, सर. मले समजलं नाही."

आणि उठून गेला. मी त्याला थांबवलं नाही. चिडचिड झाली माझी — त्याच्यावर! हा माणूस इतका भोळा काहून? भांड की लेका. म्हण की सर, तुमची घडी खोटी आहे. एवढं म्हणाला असता तर मी तिथंच फुटलो असतो. असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, तेही खोटंच असेल.

त्यानंतर हिरामणनं कासरा हातात घेतला नाही. दोघा-तिघांनी बोलावलं, तर म्हणाला, हात राहिला नाही. सोयाबीन वाहायच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे आता. पटाच्या दिवसांत पुसदकडचं भाडं मिळवतो, गावात थांबत नाही. आमच्या पटात पुढे लेझरचं यंत्र आलं, माणसाच्या घड्या गेल्या. मला शाल-श्रीफळ दिलं. भाषणात म्हणाले, असा माणूस होणे नाही. मी शाल घेऊन घरी आलो. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही, असं चौथं शील आहे. सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणतो. आवाज कधी अडकला नाही, हे सांगायलाही लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात हिरामणच्या पोरीचं लग्न होतं. पत्रिका द्यायला तो स्वतः आला, म्हणून गेलो. मांडवात मला पाहिलं तसा धावत आला, पाया पडला, हात धरून नवरदेवाच्या बापाकडे घेऊन गेला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. त्यातले निम्मे आमच्याच गावचे — ज्यांनी त्याला विकलेला म्हटलं तेच.

"हे आमचे सर," हिरामण म्हणाला. "साऱ्या पटात एकच घडी खरी व्हती. माह्याविरुद्ध गेली, पन खरी व्हती."

पाहुण्यांनी मला हात जोडले. मीही हात जोडले. मग पंगतीत बसून जेवलो, आहेराचं पाकीट दिलं आणि एसटीनं घरी आलो.

त्या दिवशी सात सतरा होते की सात पंचवीस, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. हिरामणला वाटतं, मला माहीत आहे.